म्युनिकला यावे का? तुमच्या पगाराच्या तक्त्याविषयी

शिरोलीच्या फौंड्रीतील गुणवत्ता विभागाची नोकरी सोडून पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलासह म्युनिकला यावे का, आणि चार सर्वेक्षणांतील पगारांची सरासरी काढून केलेल्या तक्त्यावर विसंबावे का, असे तुम्ही विचारले आहे. मीही कोल्हापूरचाच, उद्यमनगरात वाढलेला, आणि २०१४ च्या जानेवारीत निघण्यापूर्वी मीही असाच तक्ता केला होता. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. व्हिसाची माहिती अधिकृत संकेतस्थळांवर मिळते, ती सोडून देतो.

ज्या सर्वेक्षणांत लोक आपण होऊन पगार नोंदवतात, तिथे ज्यांना तो सांगावासा वाटतो तेच नोंदवतात, आणि मोजक्या मोठ्या पगारांनी सरासरी फुगते. त्याऐवजी जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेचा 'एंटगेल्टआटलास' पाहा. मालकांनी सामाजिक विम्यासाठी कळवलेल्या पगारांवर तो आधारलेला आहे आणि त्यात मध्यक दिलेला असतो, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळते. तो आकडाही कर आणि विमा कापण्यापूर्वीचा आहे. त्यातून कपात आणि म्युनिकचे घरभाडे वजा करा, मगच शिरोलीच्या पगाराशी तुलना करा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सहज पटेल. ब्लोहोल, म्हणजे आत हवेची पोकळी, निघालेले कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, संध्याकाळी आवारात फक्त चांगला माल रचलेला दिसतो, आणि रिजेक्शनचे रजिस्टर न पाहता तुम्ही त्या दिवसाच्या कामाविषयी काही बोलणार नाही. परदेशात राहिलेल्यांनाच प्रश्न विचारणाऱ्या सर्वेक्षणात परतलेल्या माणसांचे रजिस्टर नसते.

माझी चूक मात्र वेगळी होती. मी आकड्यांना फक्त माझ्याविषयी विचारले. मुलगी तिसरीच्या मध्यात इथल्या शाळेत गेली. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात मिळणाऱ्या गुणपत्रकावर पुढची शाळा ठरते: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूले (दहावीपर्यंतची शाळा), आणि १ ही सर्वांत चांगली श्रेणी. तिला गणितात १, परिसर अभ्यासात ३ आणि जर्मनमध्ये ४ मिळाले. स्वयंपाकघरातील टेबलावर, चौकटीच्या वहीत, तिने स्वतःच आठाला तीनने भागून २.६६ काढले, खाली दोन रेघा ओढल्या आणि हिशेब बरोबर आहे का, असे मला विचारले. हिशेब बरोबर होता. शिक्षिकेला मी दोनदा भेटलो. नियम नियम आहे, एवढेच उत्तर मिळाले, आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मला त्यापुढे वाद घालता आला नाही.

पुढे ती दहावीनंतर वेगळ्या वाटेने अभियांत्रिकीपर्यंत पोहोचली, तिचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. तरीही मला ते खुपते, कारण २००० सालच्या पिसा या, अनेक देशांतील पंधरा वर्षांच्या मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ पासून सर्वांसमोर होते: घरची परिस्थिती आणि मुलाची शालेय प्रगती यांचा संबंध जर्मनीत इतर बहुतेक देशांपेक्षा घट्ट असल्याचे त्यांत दिसले होते आणि इथे त्यावर मोठा गदारोळ झाला होता. पगाराचे आकडे मी तीन महिने चाळले. हा निष्कर्ष शोधायला एक संध्याकाळ पुरली असती.

एकटेपणाविषयीही तुम्ही विचारले आहे. तो असतो, कामात दिवस जातो.

तक्त्यात मुलासाठी एक रकाना घाला, आणि कोल्हापुरात परतलेली दोन-तीन कुटुंबे शोधून त्यांची मुले परदेशी गेली तेव्हा कितवीत होती, हे विचारा. तुमचा मुलगा आला तर पहिलीत बसेल, त्या गुणपत्रकापर्यंत त्याला जवळजवळ पावणेचार वर्षे मिळतील. माझ्या मुलीला सोळा महिने मिळाले होते.