अहवाल कपाटात ठेवू नका

नागपूरच्या एका मंडळाचे सचिव लिहितात: लग्नात उरलेलं जेवण आम्ही वस्तीत वाटतो. गेल्या महिन्यात मटर-पनीर खाऊन सहा जणांना उलट्या झाल्या. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी भाजीचा नमुना नेला, प्रयोगशाळेतल्या अन्न विश्लेषकांनी अहवालात तो ‘असुरक्षित’ ठरवला. आम्ही पैसाही घेत नाही, मग गुन्हा कसा?

फुकट वाटपाचा हा मुद्दा दर दुसऱ्या पत्रात असतो. त्यावर वेळ घालवू नका. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्न व्यवसायाच्या व्याख्येतच ‘नफ्यासाठी असो वा नसो’ असं लिहिलेलं आहे.

मला अस्वस्थ केलं ते तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीनं: ‘अहवाल १९ दिवसांपूर्वी आला, मंडळाच्या कपाटात आहे.’ अहो, अहवाल हातात पडल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वरिष्ठांकडे, अपील करावं लागतं! त्यांना पटलं तर नमुन्याचा दुसरा भाग रेफरल, म्हणजे फेरतपासणीच्या, प्रयोगशाळेत जातो. ११ दिवस उरलेत. उशीर माफ होईल या भरवशावर राहू नका. आजच पाकीट काढा, त्यावरचा टपालाचा शिक्का जपा, वकील गाठा आणि अपील देऊन पोच घ्या. फेरतपासणीत काय निघेल ते सांगता येत नाही. पण अपीलच केलं नाही, तर पहिला अहवाल तसाच तुमच्याविरुद्ध उभा राहील.

या कायद्याखाली तुमची नोंदणी नाही, हे मात्र जड जाईल. उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम २०१९चे, लागू झाले १ जुलै २०२० पासून. वाटप करणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते, कुणाकडून किती अन्न आलं याची वहीही लागते. नोंदणीची फी तुमच्या टेम्पोच्या एका फेरीच्या भाड्याहून कमी असेल. इतकी वर्षं एवढंही करू नये?

अमेरिकेत सद्भावनेनं अन्न देणाऱ्याला १९९६ पासून कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे तसा केंद्रीय कायदा अजून नाही, याची मलाही चीड येते. २००६च्या कायद्यातल्या कलम ८० खाली ‘पुरेशी काळजी घेतली होती’ असा बचाव घेता येतो, पण त्याला पुरावा लागतो. तुम्हीच लिहिता की पातेली दुपारी साडेतीनला टेम्पोत चढली आणि वाटप रात्री आठला झालं. मेच्या उन्हात साडेचार तास बंद टेम्पोत पनीर! हा बचाव कितपत टिकेल, कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. वेळा मात्र खुलाशात जशाच्या तशा लिहा. मंगल कार्यालयाच्या गेटवरही त्यांची नोंद असू शकते.

नोंदणी होईपर्यंत वाटप थांबवा.