नुसत्या रेघा?

प्रश्न : पुतणीनं दिल्लीहून नसरीन मोहमदी यांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक आणलं. तिथल्या संग्रहालयात बाईंचं आयुष्यभराचं काम एकत्र मांडलं होतं म्हणे. पानोपानी रेघाच! एकाही चित्राला नाव नाही. नातू म्हणतो, "आजोबा, पट्टी द्या, मीपण काढतो." बाई शिक्षिकाही होत्या. मी जन्म मागावर काढला, मला यात काय दिसणार?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : नातवाला पट्टी द्याच. पांढरा कागद, शाईचं पेन, आणि चाळीस उभ्या रेघा. दोन रेघांमधलं अंतर दर वेळी जरासं कमी करत जायचं. एक्कावन्न टक्के पोरं दहाव्या रेघेला पट्टीखाली शाई पसरवतात. (आकडा माझाच. एकतीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमीजिएटला पोरं बसवली, तेवढा हक्क आहे.) आम्ही पट्टीखाली दोन चाराणे चिकटवायचो, म्हणजे कड कागदाला टेकत नाही.

आता तुमचं. ताणा लावलेल्या मागाशी तुम्ही कधी सुटे धागे बघत नाही. खाली वाकून, नजर धाग्यांच्या पातळीला आणून बघता. एक धागा तुटला असेल तर तो दिसत नाही, त्याची रिकामी जागा दिसते. हे पुस्तक तसंच बघा. रेघा सोडा, फटी बघा. कुठे दाट होतात, कुठे एखादी रेघ मधेच थांबते, कुठे शाई संपून नुसती पेन्सिल उरते.

आणि पानं क्रमानं उलटा. एकच चित्र भिंतीवर टांगलं असतं तर मीही पुढे सरकलो असतो. साठच्या दशकात बाईंच्या कागदावर शाईचे ओले फटकारे आहेत, झाडाझुडपांची आठवण होते. सत्तरीत चौकटी आणि आडव्या रेघा येतात. शेवटी कोऱ्या कागदावर दोनचार तिरक्या रेघा, एखादी कमान, बस्स. 2013 ला दिल्लीत, 2015 ला माद्रिदला, 2016 ला न्यूयॉर्कला हे सगळं एकत्र मांडलं, तेव्हा हा प्रवास लोकांच्या ध्यानात आला. नावं त्यांनी दिलीच नाहीत, बहुतेक चित्रांवर तारीखही नाही. त्यामुळे क्रम लावणाऱ्यांची पंचाईत झाली असणार, पण आपल्याला बरं. नाव वाचलं की माणूस चित्र बघायचं थांबवतो. 'सूर्यास्त' लिहिलं की झालं, सूर्य शोधून मोकळा.

1972 पासून 1990 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्या बडोद्याच्या विद्यापीठात शिकवत होत्या. गेल्या त्या आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजारानं हातापायांवरचा ताबा सुटत चालला होता. ऐंशीच्या दशकातली पानं हे ठाऊक ठेवून पुन्हा बघा. मी बघितली आणि चष्मा पुसला.

नातवाचा कागद पाठवा. डाग पडलेलाच पाठवा, नवा काढून नको.