पावडर कोटिंग घरी होईल, पण स्वयंपाकघरात नको

प्रश्न : माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे. तिचा बॅटरी ट्रे, काही ब्रॅकेट आणि ॲल्युमिनियमचा एक ओतीव भाग मी घरीच पावडर कोट केला, म्हणजे रंगाची कोरडी पावडर गनने फवारून ती भाजून पक्की केली. गन ऑनलाइन मागवली, कॉम्प्रेसर होताच. घरातल्या ओटीजीत २०० डिग्रीला १० मिनिटं ठेवलं. तरी ओतीव भागावर बारीक फोड आले आणि जाड ब्रॅकेटचा रंग नखाने निघतोय. काय चुकलं? आणि चाकंही अशीच घरी करता येतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ओटीजीचं बोलू. तो आजच स्वयंपाकघरातून बाहेर काढा आणि पुन्हा त्यात खायचं काहीही भाजू नका, कितीही घासलात तरी. पावडर भाजताना निघणारी वाफ आतल्या पत्र्यावर बसते. काही पॉलिएस्टर पावडरींमध्ये टीजीआयसी नावाचा हार्डनर (रंग कडक करणारा घटक) असतो, तो शरीराला घातक आहे. दुकानदाराकडे टीजीआयसी नसलेली पावडर मागा, आणि ती मिळाली तरी चांगला मास्क लावल्याशिवाय गन हातात घेऊ नका. हवेत उडालेली पावडर ठिणगीने पेट घेते. त्यामुळे जिथे गॅसचा गीझर, शेगडी किंवा देवापुढचा दिवा आहे, तिथे हे काम करायचं नाही. उघडी शेड असेल तर उत्तम.

आता ब्रॅकेट. पाकिटावरचे २०० डिग्री हे धातूचं तापमान असतं, ओव्हनच्या हवेचं नव्हे. पातळ पत्र्याचा ट्रे चटकन तापतो, जाड ब्रॅकेटला बराच वेळ लागतो. तुम्ही दार लावल्यापासून मिनिटं मोजलीत, म्हणून ट्रे पक्का झाला आणि ब्रॅकेट कच्चा राहिला असणार. काचेतून बघत राहा. पावडर आधी कोरडी, मळकट दिसते, मग ठिकठिकाणी ओलसर होते आणि शेवटी सगळा भाग एकदम चकाकतो. पुष्कळ जण इथेच ओव्हन बंद करतात. ती चकाकी नुसतं वितळणं आहे, भाजणं त्यानंतर सुरू होतं. टेम्परेचर गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) घ्या, कोट झालेल्या जागेवर धरा, आकडा २०० झाला की मग घड्याळ लावा.

पण खात्री करून घ्या. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं रंगावर जोर देऊन घासा. फडक्याला भरपूर रंग लागला, तर कोट कच्चा आहे. पुन्हा भाजून बघा, बहुतेक सुधारेल. फडकं जवळपास स्वच्छ राहिलं आणि तरी पापुद्रे निघत असतील, तर खाली तेल किंवा गंज राहिलाय. मग सगळं उतरवून ब्लास्टिंगपासून (वाळूसारख्या कणांचा मारा करून धातू साफ करण्यापासून) सुरुवात करावी लागेल, दुसरा उपाय नाही.

ओतीव भागाचे फोड निराळे. ओतकामात बारीक छिद्रं असतात, त्यांत हवा आणि वर्षानुवर्षांचं इंजिन ऑइल मुरलेलं असतं. शिरोलीतल्या माझ्या शॉपमध्ये गाडीचं कास्टिंग आलं की पावडर मारण्याआधी ते नुसतंच भाजतो, कोटिंगच्या तापमानापेक्षा थोडं जास्त, अर्धा-पाऊण तास. वरून स्वच्छ दिसणाऱ्या भागावरही तेलाचे तपकिरी डाग वर येतात. ते पुसायचे आणि डाग यायचे थांबेपर्यंत पुन्हा भाजायचं. रबरी बुश, सील, बेअरिंग आधीच काढलेली हवीत, हे सांगायला नकोच.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि पावडरच्या गुठळ्या होऊन गन थुंकते. वॉटर सेपरेटर लावा, टाकी रोज रिकामी करा. पावडर भागाला विजेच्या भाराने चिकटते, म्हणून अर्थिंगचा चिमटा उघड्या धातूलाच लागला पाहिजे. भाग टांगायच्या हुकावर मागच्या वेळची पावडर चढलेली असेल तर नवी नीट बसत नाही. हूक घासायला दोन मिनिटं लागतात, पण आमच्याकडे नव्या पोरांना हेच सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं.

चाकं मात्र घरी करू नका. तुमच्या ओटीजीत ती मावणारही नाहीत. एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्याकडे टायर उतरवून द्या आणि सोबत लिहून द्या : नट बसतात त्या खोलगट जागा आणि हबला टेकणारी मागची बाजू मास्किंग करून (पट्टी लावून झाकून) कोरी ठेवायची. तिथे जाड कोट राहिला तर तो दबतो आणि आवळलेले नट सैल पडतात. चाक बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून घ्या.