आधी डोळ्यांचा कोरडेपणा, मग चष्मा

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी सेलू तालुक्यातल्या एका गावात ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. वय 46. वर्षभरात दोन चष्मे केले, दोन्ही वेळा नंबर वेगळा निघाला. दुपारनंतर सुईत दोरा ओवायला गेलं की धूसर दिसतं, डोळे चरचरतात, मधूनच पाणीही येतं. धुळीच्या सर्दीसाठी रोज रात्री सेट्रीझीनची गोळी घेते. आता दुकानदार साडेचार हजारांचा निळ्या काचेचा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला) घ्या म्हणतात. त्यात आठवीतल्या मुलीलाही शाळेच्या तपासणीत चष्मा सांगितलाय. दोघींचा खर्च एकदम झेपत नाही. काय करू?
— एक वाचक भगिनी, जि. परभणी

उत्तर : ताई, साडेचार हजारांचा चष्मा आत्ता करू नका. तुमच्या पत्रावरून मला दोन गोष्टी दिसतात. चाळिशीनंतर येणारा जवळचा नंबर तर तुम्हाला असणारच. पण दुपारनंतरची धूसर आणि दर वेळी बदलणारा नंबर, हे कोरड्या डोळ्यांचं काम वाटतं.

घरीच एक गोष्ट करून बघा. धूसर दिसायला लागलं की दोन-चार वेळा डोळे पूर्ण मिटून उघडा. क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर झालं, तर दोष नुसत्या काचेचा नाही. बुबुळावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि नजर त्यातूनच पार होते. या थरावर पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारं तेल असतं, रश्श्यावर तर्री असते तसं. ते कमी पडलं की खालचं पाणी भराभर उडून जातं. मग डोळा चुरचुरतो आणि उपाय म्हणून एकदम भरपूर पाणी सोडतो. म्हणून तुमचे डोळे वाहतात आणि तरीही ते कोरडेच आहेत. अशा डोळ्यावर मशीनने काढलेला नंबर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा येऊ शकतो. तुमचे दोन चष्मे कदाचित असेच वाया गेले.

मुलीचं मात्र थांबवू नका. तिला फळ्यावरचं दिसत नसेल तर अभ्यासाचं नुकसान रोज होतंय. शाळकरी मुलांना राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मे मोफत मिळतात. शाळेच्या तपासणीचा कागद घेऊन जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा आणि नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा तुमचेही डोळे त्याच फेरीत दाखवा.

तिथे कोरडेपणाची तपासणी मागून घ्या. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. दहाच्या वर भिजली तर सहसा पाणी पुरेसं, पाचच्या आत असेल तर कोरडेपणा जास्त. दुखत नाही, थोडं टोचतं. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तेही सांगा. काही संधिवातांत डोळे असेच सुकतात. सेट्रीझीनचाही विषय काढा. त्या गोळीने डोळे आणखी कोरडे पडू शकतात. ती रोज लागतेच का, की दुसरा काही उपाय चालेल, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

थेंबांबद्दल. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज नावाचे अश्रूंसारखे थेंब जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात. दिवसातून चार वेळा एकेक थेंब पुरतो. बाटली फोडल्यावर महिन्याने टाकून द्यायची, उरली असली तरी. मेडिकलवाल्याने आपल्या मनाने दिलेले लाली घालवणारे थेंब मात्र नकोत. त्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण ते महिनोन्महिने घालत राहिलं तर काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मळणीच्या दिवसांत आमच्या ओपीडीत धुळीने लाल झालेले डोळे आणि हातात तीच बाटली घेऊन माणसं येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. मध, तूप, गुलाबपाणीही डोळ्यात घालू नका.

रोज रात्री स्वच्छ सुती फडकं कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा, गार झालं की परत बुडवा. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, बोटाने हलकेच चोळा, म्हणजे ग्रंथींतलं घट्ट झालेलं तेल मोकळं होतं. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन मशीनवर बसू नका, कूलर बाजूला सरकवा. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो, टाक्यावर नजर रोखली की ते निम्म्याहून कमी होतं. प्रत्येक शिवण संपली की डोळे पूर्ण मिटायची सवय लावा. हे सगळं तीन-चार आठवडे नेमाने करा आणि मगच नंबर काढा. एकच डोळा जोरात दुखू लागला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा नजर एकदम कमी झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता चष्मा. निळ्या काचेने, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेने, डोळ्यांचा थकवा कमी होतो याला भक्कम आधार नाही. वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023 सालच्या आढाव्यातही कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना तिचा फायदा दिसला नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचं बघायची जागा अरुंद असते, शिवणाऱ्या बाईला सारखी मान हलवावी लागते. दूरचं नीट दिसत असेल तर फक्त जवळच्या नंबरचा, अर्ध्या काचेचा साधा चष्मा घ्या. गिऱ्हाइकाशी बोलताना वरून बघता येईल. फ्रेम चांगली असेल तर नवी काच जुन्या फ्रेममध्येच बसवून घ्या. बाजारातले तयार चष्मे दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरका (सिलिंड्रिकल) नंबर नसेल तरच चालतात. 22 सप्टेंबर 2025 पासून चष्म्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा पक्कं बिल मागा. नंबरची चिठ्ठीही स्वतःजवळ ठेवा.

नंबर काढायला जाताना दोन्ही जुने चष्मे, सुई-दोरा आणि काळ्या कापडाचा तुकडा सोबत न्या. मशीनवरचं कापड डोळ्यापासून किती लांब असतं ते घरी टेपने मोजून सांगा. पुस्तकाच्या अंतराचा नंबर मशीनला जुळेलच असं नाही.