सभासद नेमके किती?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर पहिल्या पानावर सभासद १,३१२, ‘आमच्याविषयी’मध्ये १,२४० आणि वार्षिक अहवालात १,१८५ दिसतात. देणगीदारांना कोणता आकडा सांगायचा? शिवाय साइटला भेट देणारेही २०२३ नंतर एकदम घटलेले दिसतात.
– एक कार्यवाह, इंदूर

उत्तर : आधी तिन्ही आकड्यांत कोण कोण धरलंय ते बघा. एकात दिवंगत आजीव सभासद राहिलेले असतात, दुसऱ्यात रामबाग आणि लोकमान्य नगर अशा दोन्ही शाखांत नाव असलेले दोनदा मोजलेले असतात. म्हणून कार्यकारिणीत एका वाक्यात ठरवून घ्या : हयात आजीव सभासद, अधिक ३१ मार्चअखेर वर्गणी भरलेले वार्षिक सभासद, एक व्यक्ती एकदाच. ग्रंथसंख्येचंही तसंच. दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक म्हणजे ग्रंथसंख्या नव्हे. त्यातून बाद केलेली आणि हरवलेली पुस्तकं वजा करा. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर प्रती पाच, शीर्षक एक. यातलं काय मोजलंय ते आकड्याशेजारी लिहा.

मग एकच तक्ता ठेवा. त्यात व्याख्या, आकडा, कोणत्या तारखेअखेर, कोणत्या नोंदवहीतून, कोणी तपासला आणि कुठे कुठे छापला असे रकाने हवेत. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा, कारण पहिलं पान बदलतं आणि तळपट्टी, फेसबुक पान, साइटची हिंदी आवृत्ती तशीच राहते. जुना आकडा शोधताना देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंकांत, स्वल्पविरामासह आणि त्याविना शोधा. ‘१२४०’ शोधून ‘१,२४०’ सापडत नाही. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या प्रणालीवर) असेल तर आकडा एकाच जागी भरून बाकी सगळीकडे शॉर्टकोड, म्हणजे तो आकडा आपोआप आणणारी छोटी खूण, वापरा. बदल केल्यावर कॅश (साठवून ठेवलेली पानाची जुनी प्रत) रिकामी करून दुसऱ्याच मोबाइलवर पाहा. जुन्या अहवालाच्या पीडीएफला मात्र हात लावू नका; तो त्या वर्षाचा दस्तऐवज आहे.

पहिल्या पानावर शून्यापासून पळत जाणारे आकडे असतील तर पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ कोड, उघडा. तिथे ० लिहिलेलं असेल, तर आकडे पळवणारी स्क्रिप्ट न चालल्यास वाचकाला ‘सभासद ०’ दिसतं. सोर्समध्ये खरा आकडाच हवा.

भेटींबद्दल : साइटच्या भेटी मोजणारं गूगलचं जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून बंद झालं. त्याच्या जागी आलेल्या जीए४ची (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४) मोजण्याची रीत वेगळी आहे, त्यामुळे दोन्हींचे आकडे एका आलेखात जोडू नका. ‘यूजर’ म्हणजे माणूसही नव्हे; मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींवर साइट पाहणारा बहुधा दोनदा मोजला जातो. थीम (साइटचा साचा) बदलली असेल तर ट्रॅकिंगचा टॅग, म्हणजे भेटी मोजणारा कोडचा तुकडा, गळालाय का, तेही तपासा. तोच टॅग दोनदा बसला, तर पानभेटी दुप्पट दिसतात.

आणि ‘इतक्या वर्षांची परंपरा’ काढून तिथे स्थापनेचं साल लिहा. ते दरवर्षी बदलावं लागत नाही.