सिॲटल मरिनर्स या अमेरिकन बेसबॉल संघाचे पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) इतके उत्तम असूनही २०२४ मध्ये संघ प्लेऑफबाहेर, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांबाहेर, का राहिला? एखादा पिचर देऊन चांगला बॅटर आणायला नको होता का?

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे की, त्या वर्षी मरिनर्सचे पिचर जवळजवळ रोज सामना हाताशी आणून ठेवत होते आणि बॅटर तो हातचा घालवत होते. दुसऱ्या भागाचे उत्तर माझ्या मते स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. मी सिॲटलच्या परिसरात राहते आणि हा संघ माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे दोन्ही उत्तरांमागची कारणे जरा विस्ताराने मांडते.

आधी २०२४ चे चित्र पाहू. लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, लुइस कॅस्टिलो, ब्राइस मिलर आणि ब्रायन वू या पाच जणांच्या जोरावर मरिनर्सच्या सुरुवातीच्या (सामन्याची सुरुवात करणाऱ्या) पिचरांनी दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी ३.३८ धावा दिल्या, आणि मेजर लीग या सर्वोच्च लीगच्या तीसही संघांत याहून कमी धावा कोणाच्याच सुरुवातीच्या पिचरांनी दिल्या नव्हत्या. त्याच संघाची बॅटिंगची सरासरी मात्र .२२४ (हजार संधींत २२४ यशस्वी फटके) होती आणि त्यांचे बॅटर १,६२५ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाले; तो लीगमधला सर्वाधिक आकडा होता. १८ जूनला हा संघ आपल्या गटात दहा सामन्यांनी पुढे होता. ती सगळी आघाडी महिनाभरात संपली. ऑगस्टमध्ये मॅनेजर स्कॉट सर्व्हिस यांना काढून डॅन विल्सन यांना आणले आणि बॅटिंग सुधारण्यासाठी एडगर मार्टिनेझ यांना बोलावले. विल्सन यांच्या हाताखाली संघाने २१ सामने जिंकले आणि १३ गमावले, पण शेवटी ८५ विजयांवर गाडी थांबली आणि प्लेऑफ एका विजयाने हुकला. आदल्या वर्षीही तो एकाच विजयाने हुकला होता.

आता असे का होते ते समजून घेण्यासाठी क्रिकेटशी असलेला एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. क्रिकेटमध्ये बाकीचे दहा जण अपयशी ठरले तरी एखादा फलंदाज दिवसभर एक बाजू लावून धरू शकतो आणि एकट्याच्या बळावर डाव सावरू शकतो. बेसबॉलमध्ये नऊ बॅटर ठरलेल्या क्रमानेच येतात, आणि संघातल्या सर्वोत्तम बॅटरलाही सामन्यात साधारण चार किंवा पाच वेळाच संधी मिळते. तो पहिल्या बेसवर (धावपटूच्या पहिल्या थांब्यावर) पोहोचला तरी होम प्लेटपर्यंत, म्हणजे जिथे परतल्यावर धाव मिळते तिथपर्यंत, त्याला आणण्याचे काम बहुतेक वेळा पुढच्या बॅटरांचेच असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मरिनर्सचा बॅटर इचिरो सुझुकी. २००१ मध्ये त्याने २४२ हिट (बेसपर्यंत पोहोचवणारे फटके) मारल्या आणि १२७ धावा केल्या. त्या वर्षी मरिनर्सने ११६ सामने जिंकले. २०१० मध्ये त्याने २१४ हिट मारल्या, म्हणजे सलग दहाव्या वर्षी दोनशेचा टप्पा ओलांडला, पण त्याच्या धावा झाल्या केवळ ७४. इचिरो बेसवर पोहोचतच होता, पण त्याला पुढे सरकवणारे कोणी नव्हते.

धावा या साखळीतून होतात आणि साखळीचे गणित फार निर्दय असते. समजा प्रत्येक बॅटर शंभरातून ३० वेळा बेसवर पोहोचतो, तर लागोपाठ तीन जण पोहोचण्याची शक्यता २.७ टक्के येते. हेच प्रमाण ३३ पर्यंत नेले, तर ती शक्यता ३.६ टक्के होते. म्हणजे प्रत्येक बॅटर एक दशांशाने सुधारला तर सलग तिघे बेसवर जाण्याचे प्रसंग एक तृतीयांशाने वाढतात. म्हणूनच बॅटिंग थोडीशी कमकुवत असलेल्या संघाच्या धावा थोड्या कमी होत नाहीत, त्या पार आटून जातात. बेसवर धावपटू अडकून पडलेला दिसला की लोक म्हणतात, ‘मोक्याच्या वेळी मारता येत नाही.’ मला ते अपुरे वाटते. मोके मुळातच इतके कमी निर्माण होतात की त्यांतला एकेक वाया गेलेला डोळ्यांत खुपतो.

२०१० चा उल्लेख आलाच आहे, तर मरिनर्सचा पिचर फेलिक्स हर्नांडेझ याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या वर्षी मरिनर्सने १६२ सामन्यांत मिळून फक्त ५१३ धावा केल्या. १९७३ मध्ये अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी मरिनर्सच्या विभागात) ‘डेझिग्नेटेड हिटर’, म्हणजे पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू, आल्यापासून पूर्ण हंगामात इतक्या कमी धावा तोवर त्या लीगमधल्या कोणत्याच संघाने केल्या नव्हत्या. त्याच हंगामात फेलिक्सने जवळपास २५० इनिंग पिचिंग केली, २३२ स्ट्राइकआउट घेतले, दर नऊ इनिंगमागे २.२७ धावा दिल्या आणि एवढे करून त्याच्या नावावर १३ विजय व १२ पराभव लागले. संघ १०१ सामने हरला. मतदारांनी त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दिला तेव्हा प्रतिस्पर्धी पिचर सी. सी. सबाथियाच्या नावावर २१ आणि डेव्हिड प्राइसच्या नावावर १९ विजय होते. पिचरची गुणवत्ता त्याच्या विजयांच्या आकड्यावरून मोजू नये, हे त्या मतदानाने अधिकृतपणे मान्य केले आणि मला त्याचा आजही आनंद आहे. तरीही त्या माणसाच्या ऐन उमेदीच्या वर्षांत त्याला प्लेऑफचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, याची हळहळ पुरस्काराने जात नाही.

कमी धावांचा आणखी एक परिणाम असा की सामने सतत अटीतटीचे होतात. संघ दोन-तीन धावांच्या पुढे जात नसेल, तर पिचरला चुकीला वावच राहत नाही, आणि शेवटच्या इनिंगमध्ये रोज त्याच दोन-तीन विश्वासू रिलिव्हरना (नंतर येणाऱ्या बदली पिचरना) उतरवावे लागते. सहा धावांची आघाडी असलेल्या संघाला त्यांना विश्रांती देता येते. मरिनर्सना ती चैन फार क्वचित मिळाली. शिवाय एका धावेने ठरणाऱ्या सामन्यात एखादा विचित्र टप्पा किंवा पंचांचा एखादा निर्णयही निकाल फिरवतो, त्यामुळे चांगले पिचर असूनही विजय-पराभव जवळपास समसमान होत जातात.

हे सगळे एकाच सामन्यात पाहायचे असेल तर १५ ऑक्टोबर २०२२ चा ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्धचा सामना पाहा. सिॲटलमध्ये २१ वर्षांनी प्लेऑफचा सामना होत होता आणि मी त्या गर्दीत होते. कर्बीने सात इनिंग एकही धाव दिली नाही. त्याच्यानंतर आलेल्या एकामागून एक पिचरनेही दिली नाही. नियमित हंगामात दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करतात, त्यामुळे सामना लवकर निकाली निघतो; प्लेऑफमध्ये तो नियम नाही, म्हणून खेळ चालूच राहिला. बारावी, चौदावी, सोळावी इनिंग संपली तरी फलकावर दोन्ही बाजूंना शून्यच. अखेर अठराव्या इनिंगमध्ये ॲस्ट्रोजच्या जेरेमी पेन्याने होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला आणि मरिनर्स ०–१ असे हरून स्पर्धेबाहेर गेले. दोन्ही संघांचे मिळून ४२ स्ट्राइकआउट झाले, त्यांतले २२ आपल्या बॅटरांचे. पिचरांनी सतरा इनिंग एकही धाव न देता सामना जिवंत ठेवला आणि त्या सबंध वेळात बॅटरांना एक धाव, अक्षरशः एक धाव, करता आली नाही.

काही जण याचा दोष मैदानाला देतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मरिनर्सचे टी-मोबाइल पार्क एलियट बे या खाडीजवळ आहे, तिथली हवा गार असते आणि छत बंद केले तरी ते छत्रीसारखे वरून झाकते, बाजू मोकळ्याच राहतात. एप्रिलमधल्या सामन्यात उंच उडालेला चेंडू पाहून सगळे स्टेडियम उठून उभे राहते आणि भिंतीआधीच्या मातीच्या पट्ट्यावर फील्डर तो शांतपणे झेलतो, हे दृश्य इथल्या प्रेक्षकांच्या सवयीचे आहे. २०१३ च्या हंगामाआधी भिंती आत सरकवल्या, तरी हे मैदान बॅटरांना जडच जाते. मात्र पाहुण्या संघालाही तीच हवा आणि तेच अंतर असते. त्यामुळे मैदान आपल्या पिचरांचे आकडे काहीसे अधिक देखणे आणि बॅटरांचे काहीसे अधिक वाईट दाखवते, हे मान्य. त्यावरून पराभवांचे स्पष्टीकरण मिळत नाही.

ते स्पष्टीकरण मला २०२३ च्या हिवाळ्यात घेतलेल्या निर्णयांत दिसते. यूहेनियो सुआरेझ आणि तेओस्कर हर्नांडेझ या मरिनर्सच्या दोन बॅटरांचे २०२३ मध्ये प्रत्येकी दोनशेहून अधिक स्ट्राइकआउट झाले होते. व्यवस्थापनाला ते प्रमाण कमी करायचे होते आणि खर्चही आटोक्यात ठेवायचा होता. सुआरेझला ॲरिझोनाला देऊन टाकले आणि हर्नांडेझला जाऊ दिले. २०२४ मध्ये सुआरेझने ॲरिझोनासाठी ३० होम रन मारले, हर्नांडेझने डॉजर्ससाठी ३३ मारले आणि वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिकाही जिंकली. इकडे नव्याने आणलेल्या मिच गार्व्हरची सरासरी .१७२ आणि होर्हे पोलांकोची .२१३ राहिली, आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप केला ते स्ट्राइकआउट काही कमी झाले नाहीत. मोठे फटके मारणाऱ्याचे स्ट्राइकआउट होणारच. फटके घालवून स्ट्राइकआउट तेवढेच ठेवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. पाच उत्तम पिचर एकाच वेळी तरुण, तंदुरुस्त आणि तुलनेने स्वस्त असण्याचे वर्ष पुन्हा कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि नेमक्या त्याच वर्षी हात आखडता घेतला, याचा मला मनापासून राग आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पाचांपैकी एक पिचर देऊन बॅटर आणावा, ही मागणी तेव्हा अनेक चाहते करत होते आणि वरवर पाहता ती वाजवीही वाटते. पण पिचरचा खांदा आणि कोपर यांचा भरवसा नसतो. २०२५ मध्ये कर्बी, गिल्बर्ट आणि मिलर हे तिघेही हंगामाचा काही काळ दुखापतींमुळे बाहेर होते. एखादा आधीच देऊन टाकला असता, तर हंगाम जूनपर्यंतच हातातून गेला असता. पिचिंग २०२४ च्या तोडीची नसतानाही मरिनर्सने २०२५ मध्ये ९० सामने जिंकले आणि २००१ नंतर प्रथमच आपला गट जिंकला, कारण या वेळी धावा होत होत्या. कॅल रालीने कॅचर (होम प्लेटमागे पिचरचे चेंडू झेलणारा) असूनही ६० होम रन मारले, पोलांकोला सूर सापडला, आणि जुलैमध्ये जॉश नेलर व चक्क सुआरेझ यांना आणले गेले. त्यांच्या बदल्यात त्या पाचांपैकी कोणालाही द्यावे लागले नाही. उमेदीचे तरुण खेळाडू देऊन काम भागले. संघ अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत टोरँटोविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि तो सामना ३–४ असा हरला.

म्हणून बॅटर आणायलाच हवा होता, याबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. माझा आक्षेप फक्त त्यासाठी पिचर देण्याला आहे. सुआरेझ २०२३ मध्ये संघातच होता. त्याला ठेवण्यासाठी कोणालाच द्यावे लागले नसते, फक्त त्याचा पगार द्यावा लागला असता, आणि २०२४ चा प्लेऑफ एका विजयाने हुकला होता.