सर्व्हर ‘सर्टिफाइड’, तरी महिनाअखेरीस रडतो

प्रश्न : ताई, अंबडला आमचा प्रेस पार्ट्सचा कारखाना आहे. ईआरपी, म्हणजे हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर, ओरॅकल डेटाबेसवर चालतं, खाली लिनक्स. सर्व्हर दोन प्रोसेसरचा, रॅम १२८ जीबी, त्यातली ६४ डेटाबेसला दिलेली. डेटाबेसला एका वेळी जोडण्या २०० च्या आसपास. दिवाळीनंतर महिनाअखेरचं स्टॉक क्लोजिंग पाऊण तासावरून चार तासांवर गेलं. ईआरपीवाले म्हणतात, ‘हा सर्व्हर आमच्या सर्टिफाइड यादीत नाही, नवा घ्या.’ सर्व्हर विकणारा म्हणतो, ‘सगळं सर्टिफाइड आहे.’ खरं कोण बोलतंय?
— एक वाचक, अंबड

उत्तर : दोघंही खरं बोलत असतील. पण तुमच्या दुखण्याला दोघांनीही हात लावलेला नाही.

आपल्याकडे युरोपला द्राक्षं पाठवताना रेसिड्यूचा रिपोर्ट लागतो. तो त्या नोंदवलेल्या प्लॉटचा असतो, शेजारच्या बागेला चालत नाही. आणि त्यात औषधाचा अंश किती ते असतं, द्राक्ष गोड आहे की नाही ते नसतं. सर्टिफिकेशनचंही तसंच. अमुक सर्व्हर, अमुक फर्मवेअर (यंत्राच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर), लिनक्सची अमुक आवृत्ती हे एकत्र तपासलंय, अडलात तर आम्ही तक्रार घेऊ, एवढंच ते सांगतं. वेगाची हमी त्यात नाही.

शिवाय याद्या वेगवेगळ्या. सॅप हाना या दुसऱ्या डेटाबेससाठी सर्व्हरच्या मॉडेलांचीच यादी असते. ओरॅकल डेटाबेसचं प्रमाणपत्र मात्र ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्तीवर असतं. सर्व्हर त्या लिनक्सवर चालतो की नाही, ते लिनक्सवाले वेगळं तपासतात. ईआरपीवाल्यांना लेखी विचारा : कोणती यादी, त्यातली कोणती ओळ?

मी बारा वर्षं बेंगळुरूला सर्व्हर असे तपासणाऱ्या लॅबमध्ये काढली. भर मे महिन्यात अंगावर शाल घेऊन बसायचं, एवढा एसी. एकदा तीन दिवसांची चाचणी अडुसष्टाव्या तासाला कोसळली. दोन रात्री शोधल्यावर कळलं, आमच्यातल्याच एकाने मध्ये नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर ‘जरा नवीन’ करून ठेवलं होतं. सगळं पहिल्यापासून. तेव्हापासून ‘सर्टिफाइड आहे’ म्हटलं की मी पहिल्यांदा आवृत्तीचा आकडा विचारते.

आता तुमचं. हाच सर्व्हर दिवाळीआधी पाऊण तासात काम उरकत होता ना? तेव्हाही तो यादीत नव्हताच. मग बदललं काय?

माझा पहिला संशय रेड कार्डाच्या, म्हणजे सर्व्हरच्या डिस्का सांभाळणाऱ्या कार्डाच्या, बॅटरीवर. त्या बॅटरीच्या भरवशावर कार्ड ‘लिहिलं’ असं लगेच सांगतं आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरवतं. बॅटरी गेली की बहुतेक कार्डं हा भरवसा आपणहून सोडतात आणि राइट-बॅकवरून राइट-थ्रूवर येतात. मग दर कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, डिस्कची वाट बघा. तुमचं क्लोजिंग ओळीओळीला कमिट करत असेल तर चार तास सहज लागतील. गेल्या वर्षी सातपूरला एका ओळखीच्यांकडे हेच झालं. जिन्याखाली सर्व्हर, त्याला खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार वाळून तसाच लटकलेला, आणि हाराच्या मागे पिवळा दिवा दोन महिने लुकलुकत होता! कुणाला दिसलाच नाही. तुम्हीही आधी हार काढा, दिवा बघा. मग कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये राइट पॉलिसी काय दिसते ते बघा.

बॅटरी धडधाकट निघाली तर मेमरीकडे वळा. लिनक्स मेमरीचे ४ केबीचे तुकडे पाडतं. ६४ जीबीचे होतात १,६७,७७,२१६. दर तुकड्याची ८ बाइटची नोंद, आणि प्रत्येक जोडणीची वही स्वतंत्र. म्हणजे एक वही फुगून १२८ एमबीपर्यंत जाते. २०० जोडण्यांच्या वह्यांना २५ जीबी. माल ठेवायचा त्या गोदामात नुसत्या वह्या! लिनक्सच्या मेमइन्फो फाइलमधली ‘पेजटेबल्स’ची (म्हणजे या वह्यांची) ओळ क्लोजिंग चालू असताना वाचा. आकडा जीबीत असेल तर २ एमबीची ह्यूजपेजेस, म्हणजे मोठे तुकडे, लावा. तुकडे ३२,७६८ वर येतात आणि वही २५६ केबीची होते. त्यासाठी ओरॅकलच्या सेटिंगमध्ये मेमरी टार्गेट बंद करून एसजीए टार्गेट ठेवावं लागतं, मेमरी टार्गेट आणि ह्यूजपेजेस एकत्र नांदत नाहीत. ‘ट्रान्सपरंट’ ह्यूजपेजेस, लिनक्स आपणहून लावतं ती, हे वेगळं प्रकरण, ते ओरॅकलच सहसा बंद ठेवायला सांगतं. नावावरून गोंधळ करू नका, मी केलेला आहे.

बायोसमध्ये (सर्व्हर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) वीज वाचवायचा प्रोफाइल असेल तर तो परफॉर्मन्सवर न्या. पण सगळं एकाच सुट्टीत बदलू नका. एक बदल, एक क्लोजिंग, वहीत वेळ.

नव्या सर्व्हरचं कोटेशन तोवर खणात राहू द्या. क्लोजिंगच्या वेळेचा एडब्ल्यूआर रिपोर्ट काढा, डेटाबेसचा वेळ कुठे गेला ते ओरॅकल त्यात सांगतं. त्याचं लायसन्स वेगळं लागतं, ते नसेल किंवा स्टँडर्ड एडिशन असेल तर स्टॅट्सपॅक, तो फुकट आहे. वरच्या पाच वेट्समध्ये (डेटाबेस कशासाठी थांबला त्या यादीत) ‘लॉग फाइल सिंक’, म्हणजे कमिट पक्कं होण्याची वाट, पहिला असेल तर मला रिपोर्ट पाठवूही नका, थेट बॅटरी मागवा.